झाडाची कड

गोंदियाच्या कॉलेजात गणित शिकवणारे एक सर दर रविवारी सायकलने दवनीवाड्याला बहिणीकडे येत आणि शेजारी आमच्या ओसरीवरही टेकत. बोलता बोलता थांबून ‘हलवून पाहू’ म्हणायची त्यांना सवय होती. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. मी घरूनच गणिताच्या एम.ए.ची तयारी करत होते.

एकदा त्यांनी समोरचा धान दाखवला. “हा तुकडा मोजायला घेऊन एक रोप पुढं सरकवला, तर फरक फक्त धुऱ्याजवळ, कडेच्या बांधाशी पडते. तुकडा मोठा घेतला की कड नगण्य होते, म्हणून दर रोपामागच्या दाण्यांची सरासरी हलत नाही. अशा हालचालींना मी सालस म्हणतो.”

मी विचारलं, “आणि दर फांदीला दोन फांद्या फुटत गेल्या तर? झाडही मोठंच होते.”

“मोठं आहे ना? मग झालं!”

प्रश्नच खुळा असावा, असं वाटून मी पुस्तकं मिटून आत ठेवून दिली. “आता शिकणं पुरे कर,” असं बाबा म्हणतच होते.

सोमवारी भर उन्हात सर पुन्हा आले. घाम न पुसताच बाबांना म्हणाले, “काल मी चुकलो, दादाजी. पोरगी बरोबर हाय. झाडाच्या निम्म्याहून जास्त फांद्या शेंड्यालाच, म्हणजे कडेलाच राहतात. कितीबी वाढवा, कड लहान होत नाही, सरासरी टिकत नाही. नुसतं मोठं असून भागत नाही.” मग रिकाम्या ओसरीकडे पाहून माझ्याकडे वळले. “पुस्तकं कायले बंद करून ठेवली वो?”

माझा प्रश्न खरा होता, एवढं सांगायला ते उन्हातून आले होते. बाबा उठले आणि पुस्तकं स्वतः ओसरीवर घेऊन आले.