पंधरा मिनिटांचं माहेर

कवलापूरच्या बाळासोला कुणी अंतर किलोमीटरमध्ये सांगितलं की राग यायचा. फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेला हा गडी. घरामागंच जुनी धावपट्टी, तिच्यावर गावच्या शेळ्या. इथून कराडला विमान सुटणार, असं त्यानं कुठंतरी वाचलं आणि त्याच्या डोक्यात जे विमान शिरलं ते काही उतरलं नाही. "कवलापूर-कराड पंदरा मिन्टं. पलूस पाच," तो भेटेल त्याला ऐकवायचा. पलूसला लग्न असलं की मुहूर्ताला पाचच मिनिटं उरली की घर सोडायचा आणि पोचायचा तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत असायचे. चूक एसटीची, त्याची नव्हे. कराडला तर तो जाईनासाच झाला.

खरा घोळ झाला तो पंचमीचा. नागपंचमीला भावानं मुराळी होऊन बहिणीला सासरहून आणायचं, ही आपली रीत. बाळासोची धाकटी बहीण धोंडुबाई कराडच्या विमानतळालगतच नांदत होती. बातमीच्या भरात त्यानं तिला फोन केला, "धोंडे, औंदा यष्टी न्हाई. तुला इमानानं आनतो." तिनं हरखून ते साऱ्या भावकीत सांगितलं. विमान काही आलं नाही, आणि आता एसटीनं निघावं तर जावा हसणार.

मग दरवर्षी पंचमीला धोंडुबाई इरकल नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसायची. इकडं बाळासो सकाळपासून धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायचा, विमानाला अडचण नको म्हणून. शेळ्यांचे मालक त्याचा उद्धार करायचे. दुपारी बहिणीचा फोन यायचा.

"दादा, निगालास का?"

"निगायचं काय त्यात. पंदरा मिन्टाचं काम."

संध्याकाळी ती पिशवी रिकामी करायची. इकडं बायकोनं वाढलेली पुरणाची दिंडं बाळासो ताटात तशीच टाकून उठायचा. अशी सहा वर्षं गेली. चांगली नातवंडं झालेली माणसं, पण एकालाही शहाणपण सुचलं नाही.

यंदा फोन आलाच नाही. बाळासो काठी घेऊन शेळ्यांमागं धावत असताना पट्टीच्या टोकाकडून एक बाई लंगडत येताना दिसली. धोंडुबाईच होती. गुडघे गेलेले, अंग घामानं भिजलेलं. बाळासोनं आधी आभाळाकडं बघितलं.

"कशानं आलीस?"

"यष्टीनं."

"आगं, मुराळ्याबिगर? जावा काय म्हनतील?"

"म्हनू देत. आयच्या चुलीवरचं दिंड खाल्ल्याबिगर मरायचं न्हाई मला."

बाळासोनं शरमून तिची पिशवी घेतली आणि तिला हाताला धरून घरी नेलं. मागं शेळ्या पुन्हा धावपट्टीवर पसरल्या.

सण झाल्यावर तिला पोचवायला तो स्वतः निघाला. सांगलीला गाडी बदलली. दुसऱ्या गाडीला ही गर्दी, खिडकीतून पावसाचा मारा, आणि रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हावीत. पेठनाका मागं पडला तरी कराडचा पत्ता नव्हता. धोंडुबाई पुढच्या सीटच्या दांडीवर डोकं टेकून पेंगत होती. बाळासोची नजर तिच्या सुजलेल्या गुडघ्यांवर गेली.

"धोंडे," तो शेवटी म्हणाला, "लय लांब दिली गं तुला."

तिनं डोळे उघडले.

"लगीन झालं तवा मी रडत हुते. तूच म्हनालतास, हितं तर हाय."