मूळ भागाला कानस लावायची नाही

सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी शिरोलीला एका शेडमध्ये कामावर होतो. ‘रवी, आण्णा गेले. ये,’ एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. सकाळचा चहा घेऊन आण्णा खुर्चीत टेकले, ते टेकलेलेच राहिले. मी हात धुवायला नळावर गेलो आणि बराच वेळ हातच धूत राहिलो. त्याला आता पाच आठवडे झाले. या दिवसांत भेटलेला प्रत्येक माणूस मला म्हणाला, ‘तू त्यांचा उजवा हात होतास.’ मी मान हलवली. आजवर मी तेवढंच करत आलोय, मान हलवणं. आज लिहितोय.

आण्णा म्हणजे रंगराव तिवले, सुमनकाकूंचे यजमान. उद्यमनगरातल्या एका गल्लीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल मशीन, आणि भिंतीला टेकून उभी असलेली नाण्यावर चालणारी यंत्रं. एसटी स्टँडवर, थिएटरच्या दारात लाल दिवे लुकलुकणारे वजनाचे काटे असायचे ना, नाणं टाकलं की वजनाचं तिकीट देणारे, त्यांचे आण्णा डॉक्टर. सरकारनं नवं नाणं काढलं की सगळे काटे एकदम मुके व्हायचे, कारण जुन्या फटीत नवं नाणं चालायचं नाही. ‘सरकारनं नाणं बदललं की आमची दिवाळी बग,’ आण्णा म्हणायचे. मी कारखान्यातली नोकरी सुटल्यावर, तिशीच्या आसपास, त्यांच्याकडे आलो. पुढे काटे कमी झाले, पण तोवर आण्णांचं नाव जुन्या वस्तू जमवणाऱ्यांपर्यंत पोचलं होतं. पुण्याहून, गोव्याहून लोक गोऱ्या साहेबाच्या काळातली दांडा ओढायची खेळाची यंत्रं घेऊन येऊ लागले. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, तीन चाकं गरगर फिरून थांबायची. ती विलायतेतल्या मोठ्या तांब्याच्या पेनीवर चालणारी. आता पेनी कुठून आणायची? तर ती यंत्रं आपल्या दोन रुपयांच्या नाण्यावर चालवून द्यायची.

हे वाटतं तितकं सोपं नसतं. त्या यंत्रात नाणं हीच किल्ली असते. दांडा ओढला की आतला एक पितळी आकडा, हुकासारखा, नाण्याला रेटतो, आणि मधे नाणं असलं तरच पुढचं चक्र हलतं. नाणं लहान पडलं की आकडा हवेतच फिरतो. घाईचा माणूस सरळ आकडा कापेल, फट वाढवेल. आण्णा तसं कधीच करत नसत. फटीत बसेल अशी पातळ पितळी पट्टी, आकड्याच्या टोकाला चढेल अशी टोपी, आणि सगळं जुन्याच भोकांत जुन्याच स्क्रूनं बसवलेलं. जे काढावं लागेल ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून यंत्राच्या पोटातच ठेवायचं. उद्या कुणाला पेनी मिळाली तर तासाभरात यंत्र पुन्हा जसंच्या तसं. ‘मूळ भागाला कानस लावायची न्हाय,’ हा त्यांचा एकच कायदा. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, ‘आण्णा, भोक मोठं करा की, झालं!’ आण्णा म्हणाले, ‘तुमच्या दारात हत्ती आला तर भिंत पाडतासा व्हय, पावणं?’

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. राधानगरीकडच्या एका रिसॉर्टच्या मालकाचं यंत्र आमच्याकडे होतं. शुक्रवारी आण्णांनी काम संपवलं. दहातलं एखादं नाणं अडकत होतं. ‘टोपी सोमवारी नवी करू,’ म्हणाले. रविवारी ते जोतिबाच्या खेट्याला गेले. माघात पाच रविवार चालत डोंगर चढायचा, त्यांचा नेम होता, आणि खेट्याला फोन घरी ठेवायचा हाही नेमच. नेमका त्याच सकाळी मालकाचा माणूस टेम्पो घेऊन हजर! संध्याकाळी उद्घाटन, यंत्र आत्ता पाहिजे. ‘सोमवारी या’ एवढं म्हणायला मला काय झालं होतं? मला दाखवायचं होतं, की मलाही जमतं. मी आण्णांची टोपी काढली आणि मूळ आकड्याला कानशीचे चार हात मारले. टोपी परत चढवली. दहाच्या दहा नाणी गेली. टेम्पो निघाला. सोमवारी आण्णांना एवढंच सांगितलं, की यंत्र चाललं म्हणून देऊन टाकलं.

आठवड्यानं मालक स्वतः आला. त्यानं आकडा टेबलावर आपटला, दोन तुकडे. कानस लागली तिथेच पातळ होऊन मोडलेला. ‘ह्याचा दुसरा भाग जगात मिळत नाही. वय झालं तुमचं आण्णा, आता थांबा,’ असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलून तो गेला. आण्णांनी तुकडा भिंगाखाली धरला. कानशीच्या रेघा त्यांनीच काय, मीही दुरून ओळखल्या असत्या. त्यांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

‘रव्या, ह्याला कानस कुणी लावली रं?’

आणि मी म्हणालो, ‘तुमीच की आण्णा. शुक्रवारी लावलीसा. इसरलासा काय?’

वाक्य तोंडातून कसं गेलं ते मला आजही सांगता येत नाही. वाटलं होतं, शिवी घालतील, नाहीतर हसतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते हळूच स्टुलावर बसले... त्यांचे थोरले बंधू शेवटची चार वर्षं स्वतःच्या घराचं दार ओळखत नव्हते. त्यांना अंघोळ घालणारे आण्णाच. हे मला माहीत होतं. माहीत असूनच मी बोललो होतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

महिन्याभरात त्यांनी वर्कशॉप माझ्या हाती दिलं. ‘आता तूच बग. माझं काय खरं न्हाय.’ मग घराबाहेर पडणं कमी झालं. पुढच्या माघात खेटेही बंद. वाट चुकलो तर, म्हणायचे. ज्या माणसाला गल्लीतलं कुत्रंसुद्धा ओळखायचं, तो मंगळवार पेठेतल्या दीड खोलीत खुर्चीवर बसून राहिला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, केळी ठेवायचो, उठायचो. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जायचो. शेवटचा गेलो तेव्हा म्हणाले, ‘पोरगी बारावीला न्हवं? मागल्या बारीला म्हणालतास, गणितात अडतीया म्हणून.’ चार महिन्यांपूर्वी बोललो होतो मी ते. माझं मीच विसरलो होतो. मी केळी ठेवली आणि उठलो.

मागच्या रविवारी काकूंनी बोलावून घेतलं. कॉटखालून त्यांनी कॅलेंडरच्या पानांचा गठ्ठा काढला. पाठकोऱ्या बाजूला आण्णांचं बारीक अक्षर. रोज संध्याकाळी ते आदल्या दिवशीचं सगळं आठवून लिहायचे. भाजी कुठली होती, कोण आलं, काय बोललं, घड्याळाला किल्ली कधी दिली. आणि काकू ते तपासायच्या.

‘नऊ वर्सं तपासलं बग. एक बी चुकलं न्हाय. मी म्हणायची, अवो तुमाला कायबी झाल्यालं न्हाय. तर म्हणायचे, मग ह्ये कसं आठवंना?’

त्यांनी बोट ठेवलं. प्रत्येक महिन्याच्या पानावर सगळ्यात वर तीच ओळ होती. ‘शुक्रवारी आकड्याला कानस लावली. रवी सांगतो म्हणजे लावली असणार. आठवत नाही.’

‘तेवढं एकच त्यास्नी आठवलं न्हाय,’ काकू म्हणाल्या. ‘तुला ठावं हाय न्हवं, कशापायी लावली हुती?’

‘त्यांनी लावलीच नव्हती काकू. मी लावली. ते जोतिबाला गेलते तवा.’

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. काकू उठल्या. कपाटावरचं पेन काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं, आणि शेवटचं पान.

‘लिव्ह हितं.’

त्यांच्या ओळीखाली थोडी जागा होती. मी लिहिलं, ‘कानस रवीने लावली, रविवारी. आण्णांनी नाही.’ काकूंनी पान खिडकीपाशी नेलं आणि शब्दावर बोट ठेवत ठेवत वाचलं, रोज तपासायच्या तसंच. मग पान गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून म्हणाल्या, ‘ह्ये आता मी कुणाला दावू?’