चार नंबरची खिडकी

एम.ए.चा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. भिलाईहून बसने आलेली मी त्या जुन्या युनिव्हर्सिटीत पार भंजाळून गेले. फोनवर आईशी चाललेलं माझं मराठी रडगाणं ऐकून एक काका थांबले. पायात आमच्या भिलाईच्या स्टील प्लांटचे जाड बूट. मघाशी गेटवर कोणी मागितला नसताना यांनीच आपला प्लांटचा जुना गेटपास काढून दाखवला होता.

"चार नंबरच्या खिडकीवर जाय. पयले चपराशाले नमस्कार कर, मंग साहेबाले."

दहा मिनिटांत फॉर्म जमा झाला.

"काका, तुम्ही इथंच नोकरीले आहात का?"

"नाही बेटा. पोरीच्या अ‍ॅडमिशनसाठी साऱ्या खिडक्या पाठ केल्या होत्या. पन तिचं लग्न झालं, अन् सासरच्यांनी शिकाले धाडलंच नाही. आता तिले दोन लेकरं हायेत."

मग तुम्ही अजून इथं कायले येता, हे विचारायच्या आत ते दुसऱ्या एका भांबावलेल्या मुलीकडे निघाले होते.