शिऱ्याची पुडी

"हात दाखवा," म्हणत मामा दारात उभे राहायचे. आमच्या संग्रहालयाचं वस्त्रभांडार त्यांच्या ताब्यात होतं, आणि जेवून आलेल्याचे हात हुंगल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नसत. एकदा साहेबांच्या बोटांना फुटाण्यांचा वास आला. मामांनी त्यांना नळाकडे परत पाठवलं, आणि साहेब मुकाट्याने गेलेसुद्धा.

तुम्ही म्हणाल, काय हा विक्षिप्त माणूस. आम्हीही म्हणायचो. डबे बाहेर लिंबाखाली खायचे, उठताना कपडे झटकायचे, चहाचा कप उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. कुणी कुरकुर केली की म्हणत, "तुमचा एक कण, त्यांची दावत." ते म्हणजे किडे. मामा नोकरीला लागले तेव्हा एका जुन्या शालीचा त्यांच्या हातातच भुगा झाला होता. ते सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा, आणि आम्हीही उगाच आपापले पदर तपासायचो.

खंडेनवमीला हत्यारांची पूजाही त्यांनी अंगणातच करायला लावली होती. त्या वर्षी प्रसादाला रव्याचा शिरा होता आणि माझा नवरात्राचा उपास. खाता येईना, प्रसाद टाकवेना. पुडी रुमालात गुंडाळली, तेवढ्यात साहेबांनी भांडारातली यादी मागितली. मी दारात गेले तर मामा हसून म्हणाले, "तुमचा तर उपास. जावा आत." बिनतपासणीचं त्यांनी कुणाला सोडल्याचं मी पाहिलं नव्हतं. आत लिहिताना हात मोकळा हवा म्हणून पुडी मेजाच्या खणात ठेवली, आणि ती तिथेच विसरले.

दिवाळीनंतर खण उघडला तेव्हा रुमालासकट कागदाची चाळण झाली होती आणि त्यातून तपकिरी, केसाळ अळ्या वळवळत होत्या. मेजाच्या वरच्याच फळीवर लोकरी शालींच्या पेट्या होत्या. मी खण पुसला, पुडी बाहेर नेऊन टाकली आणि गप्प बसले.

पंधरा दिवसांनी मामांना एका शालीला तीन भोकं सापडली. ते कुणावर ओरडले नाहीत. स्टुलावर बसले आणि बराच वेळ आपल्याच स्वेटरची बाही बघत राहिले. त्या बाहीला भाकरीचा चुरा लागून आला असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. साहेबांना तसं सांगूनही आले. मग स्वेटर बंद झाला. ऐन थंडीत त्या दगडी इमारतीत ते सदऱ्यावर कुडकुडत बसायचे. मग डबाही बंद झाला. पडेगावला घरी जाऊन एकदम रात्रीच जेवायचे.

मी रोज ठरवायची, आज सांगायचं. कळलं तर नोकरीचं काय होईल, याची भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती त्यांच्या चेहऱ्याची होती.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "साहेबांनी इचारलं, भरोसा कुनाचा धरावा? म्या तुमचं नाव सांगितलं, ताई. माझ्यासारखी चूक तुमच्याकडनं व्हायची नाय."

मी किल्ल्या घेतल्या.

मामांना जाऊन आता वर्ष झालं. अशा वेळी लोक म्हणतात, सांगायचं राहून गेलं. माझं राहून गेलेलं नाही. मी भ्यायले, आणि सांगितलं नाही.