पटकथेचं शेवटचं पान

घरापासून लांब, आर्वीत रद्दीच्या दुकानात कामाला लागलो, तेव्हापासून ते म्हातारे गृहस्थ दर सोमवारी यायचे. रद्दीतून जुन्या सिनेमांचे फोटो शोधायचे. सापडला की दोन्ही तळव्यांत कडेने धरायचे, फोटोतल्या चेहऱ्यावर बोट लागू द्यायचे नाहीत. आमच्याच दुकानातून त्यांना जांभळ्या शाईतली एक पटकथा मिळाली होती, पण तिचं शेवटचं, ब्याण्णवावं पान नव्हतं.

"लक्ष ठेवजो बापू," म्हणायचे.

मी सहावीतच शाळा सोडलेली. पान हातून निसटेल या धास्तीने जांभळ्या शाईचा प्रत्येक कागद अक्षराला अक्षर लावत वाचायचो. परवा एकावर ब्याण्णव आकडा दिसला, खाली 'समाप्त'.

सोमवारी पान पुढे केलं, तर त्यांनी घेतलंच नाही.

"तुले सापडलं ना? तूच वाच."

"मी अडखळतो, काका."

"अकरा वर्सं थांबलो मी. तुह्या अडखळण्यासाठी नाई थांबणार?"

शब्दाखाली बोट ठेवून मी शेवटापर्यंत वाचलं. दुकानाचे शेठ रद्दीचं वजन करायचे थांबले होते. कुणी हसलं नाही.

म्हाताऱ्यांनी डोळे मिटलेले. "आता पुन्हा एक डाव. जरा जोरानं."

मी वाचलं, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं.