कापडाच्या गोदामातलं पृथ्वीचं पोट

आमचे सर निवृत्त होऊन वर्ध्याला राहायला आले, तेव्हाच त्यांची नजर अधू व्हायला लागली होती. काचबिंदू. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. सरांनी जन्मभर हातोडी घेऊन विदर्भातला काळा खडक फोडला. तो लाव्हाचा हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण खालून एवढी उष्णता वर आली कशी, हे हातोडीनं कळण्यासारखं नव्हतं, आणि सरांना नेमकं तेच हवं होतं.

मी त्यांची एमएस्सीची विद्यार्थिनी. देवळीला वडिलांचं कापडाचं दुकान, आणि मी वर्ध्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगर्भशास्त्र शिकवायची. एका दुपारी सरांकडे गेले तर ते मला फाटकातच भेटले. परदेशातल्या एका विद्यापीठानं पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींचं गणित करणारा प्रोग्राम इंटरनेटवर ठेवला आहे, असं त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, त्यांना कुठल्याशा मासिकातून वाचून दाखवलं होतं.

"फुकट ठेवलाय," सर म्हणाले. "कुणीही उतरवून घ्यावा. आपण घेऊ."

खडक आपल्याला टणक वाटतो, पण फार खोलवर, लाखो वर्षांत, तो दाट काकवीसारखा सरकतो. तो प्रोग्राम पृथ्वीच्या पोटाची एक जाळी करायचा आणि जाळीच्या प्रत्येक घरात किती उष्णता, किती चिकटपणा, किती वेग, हे थोडं थोडं पुढे मोजत जायचा. शेवटी चित्र निघायचं, तापलेला खडक खालून वर चढतानाचं. डोळे आहेत तोवर सरांना ते चित्र पाहायचं होतं.

वर्ध्याच्या सायबर कॅफेत डाउनलोड अर्ध्यावर यायचं आणि तुटायचं. पुन्हा पहिल्यापासून. प्रोग्रामचे तुकडे फ्लॉप्यांवर भरून मी बसनं देवळीला आणायची आणि घरी एखादी फ्लॉपी उघडायचीच नाही. माझा कॉम्प्युटर मी दुकानामागच्या गोदामात ठेवला होता, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, कारण घरात त्याला जागा नव्हती. प्रोग्राम आमच्या यंत्रावर चालता व्हायलाच पावसाळा उलटून गेला. काय चुकतंय हे विचारायला जवळपास कुणी नव्हतं. मी त्या प्रोग्रामच्या मेलिंग लिस्टवर मोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहायची आणि उत्तर पाहायला पुन्हा वर्धा गाठायची.

एकदाचं गणित सुरू झालं, आणि बाबा गोदामात आले.

"काऊन व, हे बंद नाई करत का? मघापासून नुसते आकडे धावून राह्यले."

"हात नका लावू बाबा. गणित करून राह्यलं ते."

"कायचं?"

"जमिनीच्या खालचं."

"खाली तं पत्थरच हाय," बाबा म्हणाले. "हीर खोदली तवा पाह्यला ना आपन." तरीही त्यांनी दाराला पाटी लावली, 'आत येऊ नये', आणि दुकानातल्या माणसांना जोरानं बोलायचीही बंदी केली. जणू आत कुणी आजारी होतं.

त्या वर्षांत लाईन रोज जायची. जाण्याची वेळ ठरलेली असायची, तरी त्या वेळेआधीही जायची. बाबांनी बॅटरी आणून दिली, ती पिप् पिप् करत संपायची. मग प्रोग्रामच्या सूचना वाचता वाचता मला सापडलं की मधल्या टप्प्यावरचे आकडे साठवून तिथून पुढे जाता येतं. आता वीज गेली तरी सगळं वाया जात नव्हतं. दर आठवड्याला मी सरांकडे जायची. "कुठवर आलं?" ते विचारायचे. "चाललंय सर." काकू चहा ठेवायच्या आणि सर कप चाचपडत शोधायचे.

एका सकाळी पडद्यावर आकड्यांच्या जागी एकच शब्द ओळीनं उतरत होता, ज्याचा अर्थ 'हा आकडाच नव्हे'. उष्णता बेसुमार वाढून गणित फुटलं होतं. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच फुटलं. मेलिंग लिस्टवर एका परक्या माणसानं सभ्यपणे उत्तर दिलं, की तुमच्या प्रश्नाला ही जाळी फार विरळ आहे. दाट जाळी हवी, आणि त्यासाठी एकमेकांना जोडलेली पुष्कळ यंत्रं. तुमच्या संस्थेत ती असतीलच.

आमच्या कॉलेजात एक कॉम्प्युटर होता. त्यावर पगारपत्रकं निघायची.

खडकाचा चिकटपणा खूप वाढवला की गणित न फुटता पार पडतं, हे मला कळलं होतं. चित्रही सुरेख यायचं, लाल छत्रीसारखं काहीतरी तळातून वर उमलायचं. पण तो आपला खडक नव्हता, त्याहून कितीतरी घट्ट असं भलतंच काही होतं. तेवढ्यात सर काकूंचा हात धरून बसनं देवळीला आले. बाबांनी गठ्ठे बाजूला करून खुर्ची मांडली.

"सर, आलं नाही," मी म्हणाले. "एक चित्र आहे, पण ते आपलं नाही."

"बघू दे तरी."

मी लावलं. सरांनी नाक काचेला टेकेल इतकं पुढे केलं. थोड्या वेळानं म्हणाले, "लाल कुठंय?"

मी त्यांचं बोट धरून काचेवर ठेवलं. उमलणाऱ्या छत्रीच्या कडेकडेनं ते बोट सावकाश वर गेलं. मग थांबलं.

"हे किती घट्ट केलंस?"

मी सांगितलं.

"मग बंद कर," सर म्हणाले. रागानं नाही. बाबा त्यांना म्हणाले, "गुरुजी, जेवूनच जाजा," पण सर दुपारच्या बसनं परतले. त्यानंतर त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. मी जायची, काकू पेपर वाचून दाखवत असायच्या, मी ऐकत बसायची. सर गेले तोवर त्यांना दार आणि खिडकीही वेगळी कळत नव्हती.

ते गेले त्याच उन्हाळ्यात विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून कॉलेजातला भूगर्भशास्त्राचा विषय बंद झाला. कपाटातले खडकांचे नमुने मागच्या पटांगणात टाकले, काही दिवसांनी त्यांचीच तिथल्या पायवाटेला भर घातली. मी दुकानात बसायला लागले. बाबांना आता ऐकू कमी येतं, म्हणून गिऱ्हाइकाशी बोलायचं मीच. कॉम्प्युटरवर बिलं निघतात.