हलगी नसलेली कॅसेट

वाळलेला कडबा जळाल्याचा वास आला की मला आमी कॅसेट भरायला पुण्याला गेलतो तो दिवस आठवतो. घाटनांदूरच्या आमच्या पार्टीत माझा जोडीदार गायचा आन् मी हलगी वाजवायचो, आन् लोक हलगी ऐकूनच गोळा व्हायचे, असं माझं आजबी म्हणणं हाय. तिथं स्टुडिओत एसी लावलेला. त्या गारव्यानं कातडं सैल पडलं आन् हलगी बद्द वाजायला लागली. गावाकडं कातडं ताणून यावं म्हणून आमी हलगी कडब्याच्या जाळावर शेकायचो, तशी मी कोपऱ्यात कागद पेटवून शेकायला बसलो. धूर बघून कंपनीचा साहेब पळत आला. "काका, स्टुडिओ जाळता का? राहू द्या हलगी, ताल आम्ही मशीनवर घेतो." मी जोडीदाराकडं बघितलं. हलगी न्हाई तर मीबी गात न्हाई, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. तो म्हणला, "साहेबाला कळतंय बे, बस गप." वर कव्हरच्या फोटोसाठी साहेबानं माझ्या डोक्यावरचा फेटा उचलून जोडीदाराच्या डोक्यावर ठेवला, आन् त्याला तो शोभलाबी. पुढं ती कॅसेट परळीपस्तोर दर जत्रेत वाजली. आता आमी दोघं म्हातारे पारावर शेजारीच बसतो. कुणी मोबाईलवर त्या कॅसेटातलं गाणं लावलं की तो विचारतो, "कसा होता बे माझा आवाज?" आवाज लई गोड होता. पण मी दरवेळी एवढंच म्हणतो, "हलगी न्हाई त्याच्यात."